कुणाचातरी चाकू

दवाखान्यातून घरी आणलेली ती पिशवी कुसुमताईंनी दिवाणाखाली पार भिंतीपर्यंत सारून दिली होती. संपदा घरी आली, जेवू लागली, हळूहळू बोलू लागली, तसा पिशवीचा सगळ्यांनाच विसर पडला. पाडव्याच्या आधी रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या घरात साफसफाई निघाली, तेव्हा ती केरसुणीला अडकून बाहेर आली. आत संपदाची हिरवी ओढणी होती. मधोमध कापलेली, रक्तानं कडक झालेली. आणि ओढणीच्या गुंत्यात अडकून बसलेला एक चाकू.

"हे सगळंच फेकून देतो मी," कुसुमताई म्हणाल्या. "नको मले हे घरात."

"ओढणी टाक," अच्युतराव म्हणाले. "चाकू राहू दे."

खिशात मिटून ठेवतात तसला तो साधा चाकू होता. धड मिटलेला नाही, धड उघडाही नाही, मध्येच अडकून गंजलेला. टोक तुटलेलं. मुठीच्या एका बाजूच्या लाकडाचा भुगा झालेला, दुसऱ्या बाजूचं लाकूड मात्र शाबूत होतं. अच्युतरावांनी तो वर्तमानपत्रात गुंडाळला आणि खिडकीतल्या फळीवर ठेवला. त्या दिवशी येता-जाता त्यांची नजर तिकडं जात होती.

माघ महिन्यातली गोष्ट. संपदा त्यांची एकुलती एक मुलगी. नव्या रायपूरला सरकारी कचेरीत नोकरीला. त्या संध्याकाळी तिची बस चुकली, म्हणून तिनं मोबाइलवरून मोटारसायकल बोलावली आणि मागं बसली. लाभांडीजवळ ओढणीचं टोक मागच्या चाकात गेलं. गाडी थांबेपर्यंत चाकानं ओढणी गुंडाळत नेली आणि संपदा गळ्याला फास बसून रस्त्यावर पडली. गाडीवाला पोरगा भांबावून नुसता उभा राहिला. माणसं जमली, कुणी चाक उलटं फिरवायला गेलं, कुणी फोन करायला लागलं. तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी पुढं आलं, चाकू काढला आणि ओढणी कापली.

अच्युतरावांना फोन आला तेव्हा ते पंडरीच्या बाजारात पडद्यांचं कापड बघत होते. तिथून दवाखान्यात कसे पोहोचले ते त्यांना आजही आठवत नाही. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं तेवढं मात्र शब्द न् शब्द लक्षात राहिलं. "काका, ओढणी कापली ती अगदी वेळेवर. अजून थोडा उशीर झाला असता तर आमच्या हातात काही राहिलं नसतं."

संपदा वाचली. गळ्यातून बरेच दिवस नुसती वाऱ्यासारखी कुजबुज निघायची, मग घोगरा का होईना आवाज आला. घरात सत्यनारायण झाला. पुरानी बस्तीतल्या महामायेच्या देवळात कुसुमताईंनी ओटी भरली. देवाचे आभार मानून झाले, डॉक्टरांचे मानून झाले, दवाखान्यातल्या नर्सबाईंना घरी जेवायला बोलावून झालं. राहिला होता तो फक्त चाकूवाला. अच्युतराव लाभांडीच्या त्या कोपऱ्यावर जाऊन कितीदा तरी उभे राहिले. पानठेल्यावाल्याला विचारलं, पंक्चरवाल्याला विचारलं. सगळ्यांचं उत्तर एकच. मालाच्या ऑटोतून कुणीतरी उडी मारून आलं, ओढणी कापली, आणि गलका झाला तेव्हा निघून गेलं. बाई की बाप्या, तेही कुणाला धड सांगता येईना. संध्याकाळची वेळ, गर्दी, आणि सगळ्यांचं लक्ष खाली पडलेल्या पोरीकडं.

अच्युतरावांना ते फार लागलं. रस्त्यानं जाताना ते समोरून येणाऱ्या अनोळखी माणसाकडं बघायचे आणि मनात यायचं, हा असेल का? कुसुमताई एकदा म्हणाल्या, "तुम्ही सगळ्या रायपूरले नमस्कार करून राहिले का?" आणि ते खरोखर तसंच काहीसं करत होते.

कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्यांची नोकरी झाली होती. तराजू, होकायंत्रं, तारांची उपकरणं, मुलांनी बिघडवलेलं काहीही त्यांच्या टेबलावर यायचं आणि चालू होऊन जायचं. निवृत्तीनंतर हत्यारांची पेटी घरी आली, पण अपघातापासून तिला हात लागला नव्हता. त्यांचे हात थरथरू लागले होते. चहाचा कप बशीवर वाजायचा. डॉक्टर म्हणाले धसका आहे, जाईल.

पाडवा झाल्यावर एका दुपारी त्यांनी चाकू कागदातून काढला, एका वाटीत रॉकेल ओतलं आणि तो त्यात बुडवून ठेवला.

"काय करून राहिले?" कुसुमताईंनी विचारलं.

"याचा मालक भेटल तेव्हा भेटल. पण भेटला तर चाकू असा द्यायचा का त्याच्या हातात? माझ्या पोरीपायी मोडला त्याचा."

"अन् नाही भेटला तर?"

"तर निदान चाकू तरी चांगला असंल."

कुसुमताईंनी वाटी बघितली. "ही आमटीची वाटी आहे," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. दुसऱ्या दिवशी चाकूशेजारी एक जुना डबा आणून ठेवलेला होता.

काम सोपं नव्हतं. गंज सुटायलाच किती दिवस गेले. रोज ते चाकू बाहेर काढायचे, फडक्यानं पुसायचे, सांध्यात शिलाई मशीनचं तेल सोडायचे आणि पातं हळूच हलवून बघायचे. ते हलायचं नाही. जोर केला तर मोडेल, म्हणून परत ठेवून द्यायचे. मग एक दिवस ते किंचित सरकलं. त्यांनी खिळे पोखरून काढून सगळा चाकू सुटा केला आणि एकेक भाग पांढऱ्या कापडावर मांडला. पातं, दोन पितळी पत्रे, मुठीचं एक धड लाकूड, आणि मागची पोलादी पट्टी. पात्याला दाबून धरणारी ती स्प्रिंग होती आणि तिचे दोन तुकडे झाले होते.

पातं घासताना त्यांच्या दोन गोष्टी लक्षात आल्या. एक म्हणजे, सांध्याजवळ काळा थर होता तो गंज नव्हता. रॉकेलनं तो डिंकासारखा मऊ पडला. आणि दुसरी, पात्याची एक बाजू अगदी सपाट होती. धार लावताना दोन्ही बाजूंनी उतार देतात. इथं उतार एकाच बाजूला. त्यांना वाटलं, कुणीतरी अडाण्यासारखी धार लावली असेल. त्यांनी पातं शिकंज्यात पकडलं आणि सपाट बाजू कानशीनं उतरवायला घेतली.

कुसुमताई वाळवणाचं ताट घेऊन गच्चीवर चालल्या होत्या. जाता जाता थांबल्या. "थांबा. काय करता? दाखवा मले."

त्यांनी ताट खाली ठेवलं, पातं हातात घेतलं, नखानं सपाट बाजू चाचपली.

"हा तर डोळे भरायचा चाकू आहे," त्या म्हणाल्या.

कुसुमताईंचं माहेर काटोलचं. घरच्या संत्र्याच्या बागा होत्या. लहानपणी भावांच्या मागं मागं फिरून त्यांनी जंबेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या खुंटावर संत्र्याचे डोळे भरून कलमं बांधली होती.

"आमच्या इथं असाच राहत होता," त्या सांगू लागल्या. "हे सपाट अंग फांदीले लागते. मग काप एकदम सरळ येते, डोळा बरोबर बसते. दोन्हीकून धार लावली तर काप वाकडी जाते अन् कलम मरते. अन् हा काळा थर म्हणजे झाडाचा चीक. आमच्या चाकूले असाच चिकटत होता."

अच्युतरावांनी कानस खाली ठेवली. इतके दिवस तो चाकूवाला म्हणजे नुसती गर्दी होती. आता तो कलमं बांधणारा माणूस झाला.

कुसुमताई अजून पातं उलटसुलट करत होत्या. "पण हे उलटं आहे हो. भाऊच्या चाकूचा उतार या अंगाले होता. हा त्या अंगाले आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे हा डावखुऱ्याचा आहे."

अच्युतरावांनी मुठीचं धड राहिलेलं लाकूड उचललं. तिथं वापरून वापरून अंगठ्याची खोलगट जागा पडली होती. त्यांनी आपला डावा अंगठा तिच्यावर ठेवून बघितला. जागा लहान होती. त्यांनी लाकूड कुसुमताईंच्या हातात दिलं. त्यांचा अंगठा बरोबर बसला.

"बाई असंल," कुसुमताई म्हणाल्या.

संपदा आतापर्यंत या सगळ्यापासून लांब राहिली होती. अपघाताबद्दल ती बोलत नसे. नोकरीवर परत जाऊ लागली होती, पण ओढणी घेत नव्हती आणि दुचाकीवर बसत नव्हती. बाबा काही घासायला बसले की ती उठून दुसऱ्या खोलीत जायची. त्या संध्याकाळी आईनं तिला चाकूचं सांगितलं. ती येऊन टेबलाशी उभी राहिली, मग खुर्ची ओढून बसली आणि पॉलिश पेपरचा तुकडा हातात घेतला.

"बाबा, मैं क्या करूँ, बताओ," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. मराठी तिला पुरतं कळायचं, पण तोंडात हिंदीच यायची.

"हा पितळी पत्रा चमकव. घाई नको करू."

त्यानंतर रोज कचेरीतून आली की ती चहा पिऊन टेबलाशी बसू लागली. बाप-लेक फारसं बोलत नसत. पण एकदा घासता घासता ती आपणहून म्हणाली, "मुझे एक हाथ याद है. यहाँ, कान के पास. ठंडा था, और उसमें मिट्टी की बास थी." अच्युतरावांनी वर बघितलं नाही. वर बघितलं तर ती थांबेल, असं त्यांना वाटलं. ती थांबली नाही. त्या संध्याकाळचं सगळं, पडल्यापासून शुद्ध हरपेपर्यंतचं, तिनं पत्र्यावरून बोट न उचलता सांगून टाकलं. कुसुमताई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. मग आत जाऊन त्यांनी खूप वेळ नळ चालू ठेवला.

स्प्रिंगनं मात्र अच्युतरावांचा जीव काढला. जुन्या करवतीचं जाड पातं घेऊन, ते तापवून राखेत निवू देऊन मऊ केलं, कानशीनं घासून हवा तो आकार दिला, भोक पाडलं. मग टेबलपंख्यासमोर कोळशाची शेगडी ठेवली, पट्टी लाल केली आणि तेलात बुडवली. थंड झाल्यावर चाकूत बसवून पातं उघडलं, तर काच फुटावी तशी पट्टी तुटली.

ते तसेच बसून राहिले. हात परत थरथरू लागले होते.

"तुटली?" कुसुमताईंनी विचारलं.

"पाणी जास्त चढलं, पोलाद ठिसूळ झालं. परत तापवून थोडं उतरवायला पाहिजे होतं, मी घाई केली. प्रयोगशाळेत असती तर भट्टी होती."

"कितपत ताप लागते?"

"रंग बघून कळते. आधी पिवळा येते, मग तपकिरी, मग जांभळा. निळं झालं की थांबायचं."

"मग माह्या तव्यावर करा न."

दुसरी पट्टी तयार झाली तेव्हा त्यांनी ती तेलातून काढून लख्ख घासली आणि कुसुमताईंनी पोळ्यांचा लोखंडी तवा गॅसवर ठेवला. तिघंही तव्याभोवती उभे राहिले. कुसुमताईंच्या हातात चिमटा होता, कारण तव्यावरचं काही जळू न देण्याची सवय घरात त्यांनाच होती. पट्टीवर पिवळसर झाक आली, ती गडद होत तपकिरी झाली, कडांनी जांभळं चढलं, आणि मग मोरपिसासारखा निळा रंग एका टोकाकडून सरकत आला.

"काढ," अच्युतराव म्हणायच्या आतच कुसुमताईंनी ती उचलली होती.

ही स्प्रिंग टिकली. मुठीच्या दुसऱ्या बाजूसाठी कुसुमताईंनी टोकाला चिरलेलं शिसवी लाटणं दिलं. अच्युतरावांनी त्यातून पट्टी कापून बसवली, पितळी खिळे ठोकून घासून सपाट केले. धड राहिलेल्या लाकडाला त्यांनी पॉलिशसुद्धा केलं नाही, नुसता तेलाचा हात फिरवला. अंगठ्याची जागा जशी होती तशीच ठेवली. तुटलेलं टोक परत येणार नव्हतं. त्यांनी पात्याची पाठ घासून ती धारेला मिळवली आणि नवीन टोक काढलं. चाकू थोडा आखूड झाला. शेवटी सपाट अंग दगडावर सपाटच ठेवून उतार तेवढा लावला. पातं उघडलं तर टक् असा आवाज झाला. संपदानं चाकू घेतला, पाच-सहा वेळा उघडला, मिटला आणि हसली.

"अब मालकिन को ढूँढो," ती म्हणाली.

आंब्याची कलमं बांधायचे दिवस आले होते. पाऊस एक दिवस उघडला तेव्हा तिघं ऑटो करून निघाले. लाभांडीच्या पुढं रस्त्याला लागून रोपवाटिका आहेत. पहिल्या ठिकाणी मालकानं झाडं दाखवायला सुरुवात केली, दुसऱ्या ठिकाणी सगळे कामगार उजव्या हाताचे निघाले. त्याच्या पुढच्या रोपवाटिकेच्या फाटकाशी एक म्हातारा पाइप गुंडाळत होता. अच्युतरावांनी त्याला छत्तीसगढीत विचारलं, इथं डाव्या हातानं कलम बांधणारं कुणी आहे का. छत्तीसगढीत डाव्याला डेरी म्हणतात.

"डेरी हाथ?" म्हातारा म्हणाला. "हव. बिसाहिन बाई आहे न. तिकडं, जाळीखाली."

हिरव्या जाळीखाली बायका रांगेनं बसल्या होत्या. शेवटी बसलेल्या बाईच्या डाव्या हातात दाढीचं अर्धं ब्लेड होतं. पन्नाशीच्या पुढची, काटक, बोटांना चिंध्या बांधलेल्या. समोर आंब्याची रोपं होती आणि ती एकेक शेंडा छाटून त्यात काडी बसवत होती. अच्युतराव तिच्यासमोर उकिडवे बसले आणि तळहातावर चाकू धरला.

बिसाहिननं चाकूकडं बघितलं. मग त्यांच्याकडं. तिचा चेहरा उतरला. ती उठून उभी राहिली आणि हात पदराला पुसत मागं सरकली.

"माझा नाही," ती छत्तीसगढीत म्हणाली. "मला माहीत नाही. मी कुणाला काही केलं नाही."

अच्युतराव गडबडले. घरून ठरवून आणलेलं सगळं बोलणं विसरले. "बाई, आम्ही तक्रारीले नाही आलो," असं ते मराठीतच बोलून गेले. तिला ते कळलं की नाही कुणास ठाऊक, पण ती अजून मागं सरकली. मग संपदा पुढं आली. बंद गळ्याचा कुर्ता घातला होता, त्याचं वरचं बटण तिनं काढलं. गळ्याभोवती फासाचा पुसटसा पट्टा होता, आणि कानाखाली एक बारीक तिरकी रेघ.

बिसाहिन त्या रेघेकडं बघत राहिली. मग ती हळूच म्हणाली, "तैं जियत हस, नोनी?" तू जिवंत आहेस, पोरी?

"हाँ अम्मा," संपदा म्हणाली. "ज़िंदा हूँ."

बिसाहिन मटकन खाली बसली आणि रडू लागली. शेजारच्या बायका हातातलं काम टाकून धावल्या. ती बोलू लागली तेव्हा कुठं सगळ्यांना उलगडा झाला. त्या दिवशी ती शहरात रोपं पोचवून मालाच्या ऑटोनं परत येत होती. पोरगी रस्त्यावर तडफडताना दिसली आणि तिनं उडी मारली. कापड गळ्यात इतकं रुतलं होतं की वरून कापताच येईना. पातं कापडाखाली घालावं लागलं. तेव्हा पोरीच्या कानाखालून रक्त आलं आणि तिच्या हातावरून ओघळलं. ओढणी तुटली, पण पातं चाकाच्या तारांत अडकलं, कुणीतरी चाक फिरवलं आणि चाकू हातातून गेला. गर्दीत मागून कुणीतरी ओरडलं, चाकू मारला, चाकू मारला. पोरगी हलत नव्हती. बिसाहिनला वाटलं, आपल्याच हातानं पोरीचा गळा कापला गेला. ती पळाली. तेव्हापासून ती त्या रस्त्यानं गेली नव्हती. लांबच्या वाटेनं, शेतांतून कामाला यायची. कुणाला विचारायची हिंमत झाली नव्हती, की ती पोरगी मेली की जगली.

संपदानं तिचा डावा हात उचलला आणि आपल्या कानाखाली, त्या रेघेवर ठेवला.

"वो तो छोटा सा कट था, अम्मा. कब का भर गया. डॉक्टर बोले, जिसने काटा उसी ने बचाया." बोलता बोलता तिचा घोगरा आवाज पार बसला, तरी ती बोलत राहिली. "हम लोग आपको ढूँढ रहे थे. इतने दिन से."

बिसाहिननं हात काढला नाही. अंगठ्यानं ती रेघ पुन्हा पुन्हा चाचपत राहिली, फळ पिकलंय का बघावं तशी. कुसुमताई पलीकडून येऊन तिच्याजवळ बसल्या. हिंदीत काय म्हणावं ते त्यांना सुचेना. "बाई, माझं लेकरू दिलं तुम्ही मले," त्या मराठीत म्हणाल्या. बिसाहिननं मान हलवली. तेवढं तिला समजलं होतं.

बऱ्याच वेळानं अच्युतरावांनी चाकू परत पुढं केला, मूठ तिच्याकडं करून. आता तिनं घेतला. अंगठा आपोआप आपल्या जागी गेला. टक् करून पातं उघडलं तशी ती चमकली, कारण तिचा चाकू असा आवाज करत नव्हता.

"टोक तुटलं होतं," अच्युतराव सांगू लागले. "म्हणून आखूड झाला थोडा. आणि मागची पट्टी नवी आहे. जरा कडक वाटंल."

"जरा कडक आहे," ती म्हणाली. "वापरून सैल पडेल." मग चाकू उलटा करून तिनं सपाट बाजूवर बोट फिरवलं, उताराकडं बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. "बने हे," ती म्हणाली. छान आहे. तरुणपणी राजिमच्या मेळ्यात तिनं तो घेतला होता. लोहाराकडून धार आपल्या हाताप्रमाणं उलटी करून घेतली होती. तो गेल्यापासून ब्लेडनं काम करायची, आणि ब्लेड रोज बोटं कापायचं.

तिनं समोरचं एक रोप ओढलं. शेंडा छाटला, मधोमध चीर दिली, काडीला दोन्हीकडून तिरका काप देऊन ती चिरेत बसवली आणि प्लास्टिकची पट्टी गुंडाळली. एकही काप दुसऱ्यांदा द्यावा लागला नाही. अच्युतराव बघत होते. गेल्या काही महिन्यांत त्या पात्याची इंच न् इंच त्यांच्या बोटांखालून गेली होती, पण ते असं चालताना त्यांनी कधी बघितलं नव्हतं. चाकू काम करत होता. त्यांना इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले आणि ते त्यांनी पुसले नाहीत.

"मले द्या बरं," कुसुमताई म्हणाल्या. "आम्ही संत्र्याचा डोळा कसा भरत होतो, सांगतो."

त्यांनी चाकू उजव्या हातात धरला, एका काडीवरून डोळा उचलायला गेल्या, आणि पातं सरळ काडीच्या आत शिरलं. परत करून बघितलं, परत तेच. उलट्या उताराचं पातं त्यांच्या हातात चालेना. बिसाहिन आधी तोंडावर पदर धरून हसली, मग मोकळेपणानं. कुसुमताईही हसू लागल्या. "चाळीस वर्षं झाली हो, त्यात हे उलटं," असं त्या म्हणत होत्या आणि रांगेतल्या सगळ्या बायका हसत होत्या.

संध्याकाळी काम सुटल्यावर त्यांनी बिसाहिनला ऑटोत बसवून घरी सोडलं. ऑटो सरळ रस्त्यानं गेला. ती जागा आली तशी तिनं संपदाचा हात धरला. संपदानंही धरला. गावाच्या फाट्यावर उतरताना बिसाहिन म्हणाली, "हरेलीला घरी या. तिघंही. विसरू नका."

आपल्याकडची दिव्याची अवस आणि छत्तीसगढची अवजारं पुजायची हरेली एकाच दिवशी येते. सकाळी कुसुमताईंनी घरातले दिवे घासूनपुसून पाटावर मांडले, त्यांना नैवेद्य दाखवला, आणि दुपारी तिघं बिसाहिनच्या गावाला निघाले. दारादारांवर कडुनिंबाच्या डहाळ्या खोचल्या होत्या. पोरं बांबूच्या उंच गेड्यांवर चढून चिखलातून ठेचाळत चालली होती. बिसाहिनच्या अंगणात मुरूम पसरून त्यावर नांगर, कुदळ, विळा अशी सगळी अवजारं धुऊन मांडली होती. त्यांच्या मधोमध चाकू होता, उघडा, पात्याला गुलाल लावलेला.

तिनं शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावलं होतं. "ही माझी नोनी," ती प्रत्येकाला सांगत होती, आणि संपदाला गळ्यावरची रेघ दाखवायला लावत होती. संपदा दाखवत होती. एका म्हातारीनं तर दोनदा बघितली.

मग अवजारांपुढं गुळाच्या चिल्याचा, म्हणजे धिरड्याचा, नैवेद्य झाला. बिसाहिननं अच्युतरावांच्या हातात तांदूळ दिले आणि आधी त्यांना टाकायला सांगितलं, कारण चाकू जागेवर आला तो त्यांच्यामुळं. ते म्हणाले, नाही, आधी तुम्ही. त्यात थोडा वेळ गेला. शेवटी दोघांनी एकदमच अक्षता टाकल्या. अच्युतरावांच्या लक्षात आलं की आपला हात थरथरत नाहीये. पण हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. ते ओसरीवर बसले, कुसुमताईंनी वाढून दिलेला गरम चिला त्यांनी खाल्ला आणि अजून एक मागून घेतला.